अहो, हवा संपत आलीय

तपासनीसांनी हवेच्या टाकीची झडप मुद्दाम गळती ठेवली, मधलं दार सताड उघडं टाकलं आणि हाताची घडी घालून ते वाट बघत उभे राहिले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी असलं काही केलं नव्हतं. लिफ्टची तपासणी हे त्यांचं काम. दोराचा एक पीळ सुटलेला दिसला तरी ते लिफ्टच्या दाराला ‘वापरास बंद’ अशी लाल पट्टी चिकटवून, तिच्यावर सही करून मोकळे होत, मग वरच्या मजल्यावर कुणी आजारी असो नाहीतर नवरदेव खोळंबलेला असो. असा माणूस आज आपल्या हाताने आपलीच हवा सोडून देत होता आणि वर खुशीत होता.

थोड्या वेळाने छतातून आवाज आला. “अहो, हवा कमी झालीय. बघताय ना?”

“बघतोय, बघतोय,” तपासनीस म्हणाले आणि त्यांना बरं वाटलं.

हा आवाज त्यांच्या बायकोचा होता. तिला जाऊन बरेच महिने झाले होते. टाकी, दार आणि छत ही तिन्ही एका व्हिडिओ गेममधली होती.

गेम मुलीने आणला होता, तो आईसाठी. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने आईला अंथरुणात आडवं केलं होतं आणि ती पुन्हा उभी राहणार नाही हे डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं होतं, तिला सोडून. तिने ते सगळ्यांच्या आधी ओळखलं होतं. पडल्या पडल्या कुठेतरी हिंडून येईल, म्हणून मुलीने ते यंत्र भिंतीशी टीव्हीला जोडून दिलं आणि आईच्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवला. चष्मा चढला की खोली नाहीशी व्हायची. औषधांच्या बाटल्या, कुशीवर वळायला बांधलेली दोरी, स्टुलावर पेपर वाचत बसलेला नवरा, सगळं जायचं आणि आपण एका जुनाट मालवाहू अवकाशयानात एकटेच कप्तान म्हणून उभे असायचो. हे यान कुठल्या कुठल्या ओसाड चंद्रांवरून घरी न्यायचं, एवढाच खेळ.

करणाऱ्याने तो मन लावून केला होता, यात वाद नाही. खिडकीवरचं हिम बोटाने पुसता येई. बुटांचा आवाज पत्र्यावर वेगळा येई, जाळीवर वेगळा. चंद्रावर उतरलं की एका ढांगेत खोलीभर अंतर जाता येई. “इथे मला वजनच नाही बघा,” असं बायको अंथरुणातून सांगायची आणि चादरीखाली तिचे पाय तसूभर हलत नसत. त्या दिवसांत त्या घरात हसण्याचा आवाज आला तो फक्त त्या चष्म्याखालून.

पण ज्याने ते हिम इतकं सुंदर केलं, त्याचंच डोकं बाकीच्या गोष्टींत कसं फिरलं होतं देव जाणे. पिशवीत साधा पाना टाकला तरी वजन जास्त झालं म्हणून पाय ओढत चालावं लागे. नकाशा होता, पण यानाच्या पार शेवटच्या खोलीत भिंतीला चिकटवलेला, म्हणजे वाट चुकलेल्याने आधी तिथवर वाट शोधत जायचं. खेळ मध्येच सोडायची सोय नव्हती. यानातल्या खाटेवर जाऊन झोपलं तरच सारं जिथल्या तिथे थांबे. तसं न करता यंत्र बंद केलं, तर सगळं खरं वाटावं म्हणून आत काळ चालूच राही आणि यान कप्तानाशिवाय भरकटत जाई. शिवाय यान एकदा नष्ट झालं की आपण केलेलं सगळं पुसलं जाई. अवकाशात जहाज बुडत नाही हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं, तरी सगळे त्याला बुडणंच म्हणत.

मदतीला म्हणून एक यंत्रमानव दिला होता. तो हमखास दारात येऊन उभा राही, “सांगा” म्हणे आणि काही करत नसे. तो दारात असला की दुसऱ्या कुणाला दारातून जाता येत नसे. बायकोने त्याचं नाव ‘जावई’ ठेवलं होतं. मुलीने ते मनावर घेतलं नाही, जावयाने घेतलं.

आवाजाचं असं झालं. धोक्याच्या सूचना यान बोलून देत असे आणि त्यासाठी आपला आवाज भरायची सोय होती. पडद्यावर एकेक वाक्य येई, ते वाचायचं. पहिलंच वाक्य आलं, प्राणवायूची पातळी धोक्याच्या मर्यादेखाली गेली आहे. “घरात असं कोण बोलतं?” बायको म्हणाली आणि तिने ते आपल्या पद्धतीने सांगितलं. तिने आयुष्यभर हक्काने एकाच माणसाला दटावलं होतं, त्यामुळे सगळ्या सूचना ‘अहो’ने सुरू झाल्या आणि ‘बघताय ना’वर संपल्या. ते अहो शेजारी स्टुलावरच होते. औषधाची वेळ झाली, खिडकी लावा, तो भिंतीतला प्लग तापतोय, असं काहीही ती म्हणाली तरी ते पेपरातून मान वर न करता “बघतोय” म्हणत. प्लगच्या बाबतीत ते एवढी भर घालत की थोडा तापतोच, जन्मभर लिफ्टच्या मोटारी बघितल्यात मी.

सगळ्यात शेवटचं वाक्य जहाज बुडाल्यावरचं होतं. ते पडद्यावर आलं तेव्हा आईने मुलीला गरम पाणी आणायला स्वयंपाकघरात पाठवलं. तपासनीस तेवढ्यात औषधाच्या दुकानात गेले होते. मुलगी परत आली तोवर वाक्य भरून झालं होतं आणि आई डोळे मिटून पडली होती. ती काय म्हणाली ते कुणालाच कळलं नाही.

ती गेल्यावर तपासनीस ते यंत्र बांधून मुलीकडे पाठवायला निघाले. वायरी काढण्याआधी काही चालू राहिलंय का, हे बघायची त्यांची सवय. म्हणून त्यांनी चष्मा चढवला, चाचपडत दोन पावलं टाकली आणि छतातून आवाज आला, “अहो, दार लावा आधी. बघताय ना?”  तपासनीसांनी दार लावलं. यंत्र मुलीकडे गेलं नाही.

आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यांनी तो टीव्हीच्या स्पीकरवर घेतला, कारण लिफ्टच्या मशीनच्या खोल्यांत आयुष्य गेल्याने त्यांचा डावा कान कामातून गेला होता. पण हाडाचा तपासनीस. यान बघितल्यावर त्यांच्याने राहवेना. त्यांनी झडपा घट्ट केल्या, गळती बुजवली, सगळे लाल दिवे हिरवे केले. यान कधी नव्हे इतकं ठाकठीक झालं आणि बायको गप्प झाली. दिवसचे दिवस तपासनीस त्या लखलखीत यानातून फिरत राहिले. बुटांचे आवाज छान येत होते. बोलत मात्र कुणी नव्हतं.

मग त्यांनी एक दार उघडं टाकलं.

तिथून त्यांचा पाय घसरत गेला. दार झालं, झडप झाली, दिवा झाला. पण त्या खेळाची आणखी एक खोड होती. तीच ती चूक परत परत केली की यान बोलायचं सोडून देई. त्यामुळे नवं काही ऐकायचं तर नवी आणि मोठी चूक करावी लागे. मुलीने फोनवर सुचवलं की आईची वाक्यं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा म्हणजे काळजी नाही. त्यांनी तसं करून बघितलं. जेवताना मोबाईल सुरू केला तर ती म्हणाली, “अहो, दार लावा आधी,” आणि दार लावलेलंच होतं. त्यांनी ते सगळं पुसून टाकलं. चूक केल्याशिवाय मिळालेलं बोलणं त्यांना बोलणं वाटेना.

“पण बाबा, जहाज बुडालं तर तिचा आवाजही जाईल,” मुलगी म्हणाली.

“बुडू देणार नाही मी.”

“ते शेवटचं वाक्य तेवढं राहिलंय ऐकायचं.”

“ते नको,” तपासनीस म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. बायको जाताना बेशुद्ध होती, त्यामुळे निरोप असा झालाच नव्हता. तो त्या वाक्यात आहे, हे दोघांनीही मनोमन धरून ठेवलं होतं.

भिंतीपलीकडे दंतवैद्यांचा दवाखाना होता. ज्या भिंतीशी यंत्र जोडलं होतं, तिलाच टेकून पलीकडे पेशंटची खुर्ची होती. दंतवैद्य सज्जन माणूस. बायको त्यांची जुनी पेशंट, आणि खुर्चीत तोंड उघडं असतानाही तिने त्यांना दटावलेलं होतं. त्यामुळे एके दिवशी पेशंटचा दात पकडीत धरलेला असताना भिंतीतून “अहो, बघताय ना?” असं आलं, तेव्हा त्यांनी आवाज ताबडतोब ओळखला आणि भलताच दात ओढला. हे कुणाला सांगावं, त्यांना कळेना. त्यांनी रक्तदाबाची गोळी बदलून घेतली, संध्याकाळचा घोट बंद केला. तरी आवाज यायचा थांबेना. मग ते कामाच्या वेळी कानात कापूस घालू लागले.

ज्या दिवशी सगळं झालं, त्या दिवशी तपासनीसांनी इंजिनच्या खोलीत तेल सांडून ठेवलं. धुरावरचं वाक्य त्यांनी अजून ऐकलेलं नव्हतं. आग लगेच विझवता येईल असा त्यांचा हिशोब होता आणि तो बरोबरही होता. धूर झाला, घंटा वाजली आणि टीव्हीचा स्पीकर खणखणीत बोलला, “अहो, धूर झालाय, धूर. हवा संपत आलीय, बाहेर पडा. बघताय ना?” हे तिने असं सांगितलं होतं, की तपासनीस क्षणभर विझवायचंच विसरले.

पलीकडे कापसातूनही ते ऐकू गेलं. दंतवैद्यांना आधीच मघापासून कुठूनतरी जळका वास येत होता. इमारतीत अशा वेळी काय करायचं हे सगळ्यांना पाठ होतं, कारण तपासनीसांनीच प्रत्येक सभेत ते घोकून घेतलं होतं. धूर दिसला की आधी तळमजल्यावरचा विजेचा मेन बंद करा, मग मदतीला जा, लिफ्टला हात लावू नका. घराची एक किल्ली शेजाऱ्याकडे असावी हेही त्यांनीच ठरवलेलं. दंतवैद्यांनी जबडा बधिर केलेल्या पेशंटला खुर्चीतच सोडलं, जिने उतरून मेन ओढला, चढता चढता तपासनीसांच्या मागच्याच गल्लीत राहणाऱ्या मुलीला फोन लावला आणि किल्लीने दार उघडून ते आत घुसले.

तपासनीसांच्या डोळ्यांपुढे सगळं काळं झालं होतं. यानाची वीज गेली असं त्यांना वाटलं आणि किती बारकाईने केलंय याचं कौतुकही वाटलं. तेवढ्यात कुणीतरी त्यांचा दंड धरला.

“जावई, बाजूला हो,” तपासनीस म्हणाले.

दंतवैद्यांनी त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा ओढून काढला. धूर कुठेच नव्हता. 

“काय झालं, डॉक्टर?”

“तुमच्याकडे धूर झाला ना? आवाज आला.”

“कुणाचा आवाज?”

दंतवैद्यांनी आधी भिंतीकडे बघितलं. मग ते “वहिनींचा” म्हणाले आणि पलंगाच्या कडेवर बसले.

तपासनीसांनी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकताना दंतवैद्यांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल होत गेल्यासारखी झाली. आपण वेडे झालेलो नाही, याचा आनंद त्या दुःखाच्या घरात दाखवावा की नाही, हा त्यांना पडलेला पेच स्पष्ट दिसत होता. “पण जळका वास येत होता हो. अजूनही येतोय,” ते म्हणाले. तो तुमच्या दात कोरायच्या यंत्राचा असेल, म्हणून तपासनीसांनी त्यांना उडवून लावलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण यानातल्या खाटेवर झोपलेलो नव्हतो. आत धूर होता, काळ चालू होता आणि यानात कुणी नव्हतं.

“मेन चालू करा,” ते म्हणाले.

“असा कसा करू? जाणकार माणसाने घर तपासल्याशिवाय मेन चालू करायचा नाही, हे तुम्हीच सांगितलंय.”

“जाणकार माणूस मीच आहे, डॉक्टर.”

“मग तपासा ना.”

तपासनीसांनी तपासलं. स्वयंपाकघरात डोकावले, मोरीत डोकावले, खोलीच्या मधोमध उभं राहून एक गिरकी घेतली आणि म्हणाले, सगळं ठीक आहे. ज्याने कधी लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्याशिवाय सही केली नाही, त्याने आपलं घर पेपर चाळावा तसं चाळलं. दंतवैद्य खाली पळाले.

वीज आली तरी यंत्राला घाई नव्हती. आधी ज्यांनी खेळ केला त्यांची नावं आली, मग ती वगळता न येणारी सुरुवातीची गोष्ट आली, सूर्य, ग्रह, संगीत. तपासनीस चष्मा लावून जागच्या जागी पाय नाचवत होते. एवढ्यात मुलगी धापा टाकत आली. तिच्या मागून दंतवैद्य परत आले आणि गळ्याला फडकं आणि तोंडात कापूस असलेला पेशंटही आला, कारण त्याला एकट्याला खुर्चीत भीती वाटत होती. तपासनीस चष्म्यात जे बघत होते तेच टीव्हीवर दिसत होतं आणि तिघं तिथे बघत उभे राहिले.

यान धुराने भरलं होतं. तपासनीस वाकून झडपेकडे निघाले आणि आता ती बोलू लागली. धुराचं, हवेचं, दाराचं, उष्णतेचं, राखून ठेवलेली सगळी वाक्यं एकामागोमाग आली. अहो इकडे, अहो तिकडे, अहो ते सोडा. इतके महिने ज्या बोलण्यासाठी त्यांनी चुका साठवल्या, ते असं ओंजळ भरून सांडत होतं आणि त्यांना एकही वाक्य धड ऐकायला वेळ नव्हता. “बघतोय, बघतोय,” ते म्हणत होते आणि झडपेकडे सरकत होते.

झडपेच्या खोलीच्या दारात जावई उभा होता.

“सांगा,” जावई म्हणाला.

“बाबा, त्याला ढकला,” मुलगी म्हणाली.

“सरत नाही तो.”

“खालून जा.”

“पिशवीत पाना आहे. वाकता येत नाही.”

“पाना टाका ना मग.” पण पाना टाकायचा तर पिशवी उघडायची, पिशवीला कप्पे, कप्प्याला कुलूप. तपासनीसांची बोटं चाचपडत होती. टीव्हीतून धाप लागल्याचा आवाज येत होता, तो यानातल्या कप्तानाचा की बाबांचा, हे मुलीला कळत नव्हतं. “सांगा,” जावई पुन्हा म्हणाला. त्यानंतर यान पांढरं झालं, मग काळं झालं आणि सगळे आवाज थांबले.

 मुलीने बाबांचा हात धरला. दंतवैद्यांनी कानातला कापूस काढला. ते शेवटचं वाक्य येणार, हे त्या खोलीत बापलेकींना माहीत होतं आणि बाकीच्या दोघांना त्यांच्याकडे बघून कळलं. आत कुठेतरी तिने श्वास घेतल्याचं ऐकू आलं.

“अहो, बुडवलंत ना जहाज? बुडू द्या. जहाजं काय, ढीगभर मिळतील. पण तो भिंतीतला प्लग तापतोय, किती वेळा सांगितलं तुम्हाला. आधी तो काढा. बघताय ना?”

एवढंच होतं. पडद्यावर, नवा कप्तान कोण, असा प्रश्न येऊन थांबला.

मुलगी रडावं की हसावं या विचारात असताना तपासनीसांनी चष्मा काढला. ते गुडघ्यांवर बसले आणि टीव्हीच्या मागे सरपटत गेले. भिंतीतला प्लग काळा पडला होता, कडेने वितळून वाकला होता आणि त्यातून बारीक धूर निघत होता. कोपऱ्यातल्या खिडकीचा पडदा एका बाजूने पिवळा झाला होता. दंतवैद्यांच्या खुर्चीमागच्या भिंतीतून जळका वास का येत होता, ते आता सगळ्यांनाच कळलं. तपासनीसांनी बटण बंद केलं, हाताला रुमाल गुंडाळला आणि प्लग उपटून काढला. टीव्ही गेला, यंत्र गेलं, नवा कप्तान विचारणारा प्रश्नही गेला.

ते कपाटाकडे गेले. नोकरीतल्या लाल पट्ट्यांचं शिल्लक भेंडोळं खालच्या खणात होतं. त्यातली एक त्यांनी काढली, भिंतीतल्या त्या काळ्या भोकांवर आडवी लावली आणि अंगठ्याने दाबून चिकटवली. मग त्यांनी खिशातला पेन काढून नेहमीच्या जागी सही केली. ती नेहमीसारखी आली नाही.

“डॉक्टर, सॉरी. वास खरा होता,” ते म्हणाले. दंतवैद्यांनी मान हलवली आणि पेशंटला हाताला धरून ते बाहेर गेले. मुलगी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली.

तपासनीस खाली तसेच बसून राहिले. समोर प्लगची जागा होती. पट्टीचं एक टोक सुटलं होतं, ते त्यांनी पुन्हा दाबलं. या वेळी हातात पेपर नव्हता आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता.

“बघतोय गं,” ते म्हणाले.